काळा दोरा आणि निरागस पराक्रम

पराक्रमाच्या जुन्या चित्रपटांविषयी आपल्याकडील सुशिक्षित रसिक दोन टोकांस जातात. काही नाक मुरडतात. काही त्यांतील भाबडेपणाची टिंगल करण्याकरिताच ते पाहतात. आमच्या मते दोघेही त्यांतील खऱ्या आनंदास मुकतात.

सुरतेहून हजिऱ्याकडे जाताना इच्छापोर लागते. आज तेथे हिऱ्यामाणकांचा उद्योग वसला आहे. परंतु या सुरत परिसराने चित्रसृष्टीसही दोन रत्ने दिली. होमी वाडिया (जन्म १९११) आणि बाबुभाई मिस्त्री (जन्म १९१८) हे दोघेही मूळचे सुरतेचे. वाडियांच्या १९३५ सालच्या ‘हंटरवाली’त राजकन्या माधुरी मुखवटा चढवून, हाती चाबूक घेऊन दीनांच्या रक्षणार्थ घोडा फेकते. ही भूमिका करणारी नादिया, म्हणजे मेरी एव्हान्स, ऑस्ट्रेलियात जन्मलेली. तिचे हिंदी उच्चार परके, केस सोनेरी. तरीही प्रेक्षकांनी तिला आपली मानले. कारण उडी ती स्वतः घेत असे, आणि ती उडी खोटी नव्हती.

बाबुभाईंची किमया निराळी. १९३७ च्या ‘ख्वाब की दुनिया’ या अदृश्य माणसाच्या चित्रपटात त्यांनी काळ्या पडद्यापुढे काळ्या दोऱ्याने वस्तू हलविल्या, आणि ‘काला धागा’ हेच त्यांचे टोपणनाव झाले. पुढे १९६१ साली ‘संपूर्ण रामायण’ त्यांनीच दिग्दर्शित केले. अदृश्य माणसाच्या करामतीपासून प्रभू रामचंद्रांच्या कथेपर्यंतचा हा प्रवास आम्हांस अर्थपूर्ण वाटतो.

येथेच श्रद्धाळू वाचकांची शंका उभी राहते. मारुतिरायाचे उड्डाण दोऱ्यावर लोंबताना दिसले, तर देवाचे हसे होत नाही काय? शंका रास्त आहे. पण तिचे उत्तर आपल्याच देवळाच्या प्रांगणात आहे. कोकण-गोमंतकातील दशावतारात काळ्या वेषाचा, लांब जिभेचा संकासुर येतो, मालवणीत थट्टामस्करी करतो आणि अखेर विष्णूच्या हातून मरतो. रात्रभर हसलेला प्रेक्षक पहाटे देवापुढे तितक्याच भावाने हात जोडतो. रामाच्या वेषातील गडी काल शेतात राबत होता, हे सर्वांस ठाऊक असते. दादासाहेब फाळक्यांच्या १९१७ च्या ‘लंकादहना’त तर अण्णा साळुंके या एकाच नटाने राम आणि सीता दोन्ही साकारले! दोरा दिसतो म्हणून भाव तुटत नाही. दोरा पाहूनही न पाहणे हा प्रेक्षकाने खेळास दिलेला आपला वाटा असतो.

मात्र एक भेद सांगितला पाहिजे. १९६६ च्या अमेरिकन ‘बॅटमॅन’मध्ये ॲडम वेस्ट गंभीर मुद्रेने हास्यास्पद गोष्टी करतो, त्यामागे निर्मात्यांचे मिश्किल डोळे सतत जाणवतात. तो विनोद चतुर आहे, आणि आम्हांसही त्याने हसविले. नादिया मात्र डोळा मिचकावीत नाही. गरिबाची बाजू घेणे तिला थट्टा वाटत नाही. आम्हांस तिचा खेळ अधिक मोलाचा वाटतो तो यामुळेच: विनोद भोवती आहे, गाभ्यात नाही.

या चित्रपटांचे दोष आम्ही झाकीत नाही. कथानके एकाच साच्याची, खलनायक पुठ्ठ्याचे, आणि कोठे कोठे रानावनांतील जमातींचे केलेले चित्रण तर आज खटकणारे आहे. तेथे हसू नये. तेथे आक्षेपच घ्यावा.

परंतु आजच्या यंत्रसिद्ध पराक्रमपटांत दोरा दिसत नाही, आणि पुष्कळदा माणूसही दिसत नाही. सर्व काही इतके हुबेहूब असते की प्रेक्षकाच्या कल्पनेस करावयास काही उरत नाही. जुन्या चित्रपटांनी ते काम प्रेक्षकावर विश्वासाने सोपविले होते. आपल्या मुलांस ते अवश्य दाखवावेत. ती हसतील, दोरा बोटाने दाखवितील. आणि थोड्याच वेळात नादियाच्या घोड्यामागे धावू लागतील. देवळापुढील खेळ पाहणाऱ्यांस ही रीत नवी नाही.