भिंतीवरचा तक्ता आणि दोन चौकटी: टेक्नेशियम व प्रोमेथियम

बुलडाणा जिल्ह्यातील शाळांतून हिंडताना आवर्तसारणीचा एक रंगीत तक्ता आम्हाला वारंवार भेटतो. प्रकाशकाचे नाव येथे महत्त्वाचे नाही, कारण असे तक्ते थोड्याफार फरकाने सर्वत्र सारखेच असतात. या तक्त्यात अणुक्रमांक ४३ टेक्नेशियम आणि अणुक्रमांक ६१ प्रोमेथियम या दोन चौकटी वेगळ्या रंगाने भरलेल्या आहेत आणि खाली खुलासा आहे: ‘मानवनिर्मित, किरणोत्सारी’. लोणारजवळच्या एका शाळेत दहावीच्या मुलीने या रंगाकडे बोट दाखवून विचारले, “सर, ४२ आणि ४४ निसर्गात सापडतात, मग मधलाच ४३ का नाही?” तक्त्यावर याचे उत्तर नव्हते. आमच्यापाशीही त्या क्षणी नीट उत्तर नव्हते. तक्त्याचे हे परीक्षण त्या प्रश्नातून निघाले आहे.

प्रथम तक्त्याच्या बाजूने बोलू. अणुक्रमांक, संज्ञा, द्रवणांक, घनता ही माहिती त्यात नेटकी आहे. दोन्ही मूलद्रव्यांचा अणुभार कंसात दिला आहे, तेही योग्यच. पण कंस कशासाठी, हे कोठेच सांगितलेले नाही. कंसातला आकडा सरासरी अणुभार नसतो. तो सर्वांत दीर्घायुषी समस्थानिकाचा वस्तुमानांक असतो. टेक्नेशियमसाठी काही तक्ते ९८ देतात, काही ९७. दोन्ही समस्थानिकांचे अर्धायुष्य जवळपास सारखेच, सुमारे ४२ लाख वर्षे, असल्याने हा गोंधळ होतो. प्रोमेथियमसाठी १४५ असते. प्रत्यक्ष वापरात मात्र टेक्नेशियम-९९ आणि प्रोमेथियम-१४७ हे समस्थानिक येतात. विद्यार्थी कंसातला आकडा क्लोरीनच्या ३५.५ सारखाच वाचतो, तेव्हा चूक त्याची नसते.

आमचा पहिला आक्षेप ‘मानवनिर्मित’ या शब्दावर आहे. इतिहास म्हणून तो बरोबर आहे. मेंडेलीव्हने १८७१ साली मँगनीजखालची जागा रिकामी ठेवली आणि तिला संस्कृत ‘एक’ हा शब्द जोडून एका-मँगनीज म्हटले. १९३७ साली पालेर्मो येथे पेरिये आणि सेग्रे यांनी अमेरिकेतील बर्कलेच्या सायक्लोट्रॉनमधून आलेल्या मॉलिब्डेनमच्या पत्र्यात हे मूलद्रव्य शोधले. त्याचे नाव ‘कृत्रिम’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडले. प्रोमेथियम १९४५ साली ओक रिज येथे मॅरिन्स्की, ग्लेन्डेनिन व कोरिएल यांना युरेनियमच्या विखंडनातून उरलेल्या द्रव्यांत मिळाले, आणि १९४७ साली ते जाहीर झाले.

पण ‘मानवनिर्मित’ वाचून विद्यार्थी समजतो की निसर्गाला ही द्रव्ये बनवताच येत नाहीत. हे खोटे आहे. १९५२ साली पॉल मेरिल यांना काही तांबड्या राक्षसी ताऱ्यांच्या वर्णपटात टेक्नेशियमच्या रेषा दिसल्या. असे तारे कोट्यवधी वर्षे वयाचे असतात आणि टेक्नेशियम तेवढे टिकत नाही. म्हणजे ते ताऱ्यातच घडत असले पाहिजे. तारे मूलद्रव्ये घडवतात याचा तो थेट पुरावा ठरला. पुढे १९६०च्या दशकात युरेनियमच्या पिचब्लेंड या खनिजात दोन्ही मूलद्रव्ये अत्यल्प प्रमाणात सापडली. युरेनियमचे अणुकेंद्र क्वचित आपोआप फुटते, त्यातून ती बनतात. तेव्हा तक्त्यावर ‘प्रथम कृत्रिमरीत्या मिळविलेली’ एवढेच छापायला हवे होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर तक्त्यातील शेजारच्या चौकटींतच आहे. १९३४ साली माताउख यांनी एक नियम सांगितला: शेजारशेजारच्या दोन मूलद्रव्यांचे समान वस्तुमानांकाचे समस्थानिक दोन्ही स्थिर असू शकत नाहीत. आता मॉलिब्डेनम (४२) आणि रुथेनियम (४४) यांचे स्थिर समस्थानिक पाहा. ९४ पासून १०२ पर्यंतचा प्रत्येक वस्तुमानांक या दोघांपैकी एकाने तरी आधीच घेतलेला आहे. टेक्नेशियमला स्थिर होण्यासाठी नेमका याच पट्ट्यात आकडा हवा होता. निओडिमियम (६०) आणि समॅरियम (६२) यांनी तसेच १४२ ते १५० हे सर्व आकडे अडवले आहेत. त्यांतील काही समस्थानिक काटेकोरपणे स्थिर नसून जवळजवळ स्थिर आहेत, इतकेच. बसमध्ये दोन्ही बाजूंच्यांनी बाक व्यापला की मधल्याला उभेच राहावे लागते, तशी ही गत आहे. शिक्षकांनी समस्थानिकांच्या याद्या फळ्यावर लिहून विद्यार्थ्यांनाच हे शोधू द्यावे. अर्ध्या तासाचा हा पाठ आहे.

तिसरा आक्षेप अर्धायुष्याचा. तक्त्याने दोन्ही चौकटींना एकच रंग दिला, जणू दोघांची किरणोत्सारिता सारखीच. टेक्नेशियम-९९ चे अर्धायुष्य सुमारे २ लाख ११ हजार वर्षे आहे. प्रोमेथियम-१४७ चे अवघे २.६ वर्षे. आपल्या जिल्ह्यातले उदाहरण घेऊ. लोणारचे विवर सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांपूर्वी झाले, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आरगॉन कालमापनातून दिसते. त्या आघाताच्या दिवशी तेथे टेक्नेशियम-९९ पुरून ठेवले असते, तर आजही त्याचा सुमारे १५ टक्के भाग उरला असता. याउलट शाळेच्या कपाटात ठेवलेले प्रोमेथियम-१४७ शिक्षकाच्या नोकरीतच, म्हणजे २६ वर्षांत, हजाराव्या भागावर येईल.

मग अधिक ‘तीव्र’ कोणते? विद्यार्थी हमखास दीर्घायुषी द्रव्याचे नाव घेतात. उत्तर उलट आहे. जे लवकर संपते, त्याचे अणू दर सेकंदाला अधिक फुटतात. सारख्याच वजनाचे तुकडे घेतले, तर प्रोमेथियम-१४७ हे टेक्नेशियम-९९ पेक्षा सुमारे ५४ हजार पट अधिक सक्रिय ठरते. हाच हिशेब पुढे नेला की निसर्गातील अभावही उलगडतो. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे, म्हणजे ४२ लाख वर्षांच्या हजाराहून अधिक पाळ्या. पृथ्वीच्या जन्मावेळचे टेक्नेशियम इतक्यांदा निम्मे झाल्यावर त्याचा एकही अणू उरणे शक्य नाही.

चौथा मुद्दा धातूंच्या गुणधर्मांचा. तक्ता प्रोमेथियमचा द्रवणांक १०४२ अंश सेल्सियस व घनता ७.२६ देतो. टेक्नेशियमचे आकडे २१५७ अंश व ११.५ असे आहेत. आकडे देऊन तक्ता थांबतो, खरा धडा त्यापुढे आहे. शेजाऱ्यांची सरासरी काढून पाहा. निओडिमियम (१०२१ अंश, ७.०१) व समॅरियम (१०७२ अंश, ७.५२) यांची सरासरी १०४६ अंश व ७.२६ येते. प्रोमेथियमशी ती जवळजवळ तंतोतंत जुळते. आता मॉलिब्डेनम (२६२३ अंश) व रुथेनियम (२३३४ अंश) यांची सरासरी काढा. ती २४७८ अंश येते, म्हणजे टेक्नेशियमच्या खऱ्या आकड्यापेक्षा ३०० अंशांहून जास्त. असे का? लॅन्थॅनाइड श्रेणीत भर पडणारे इलेक्ट्रॉन आतल्या कक्षेत दडलेले असतात, धातूच्या बंधाशी त्यांचा फारसा संबंध येत नाही. त्यामुळे गुणधर्म संथपणे बदलतात. संक्रामक धातूंत मात्र बाहेरच्या बाजूचे डी-इलेक्ट्रॉनच बंध बांधतात, आणि त्यांची संख्या बदलली की बंधाचे बळ एकसारखे वाढत वा घटत नाही. सरासरीचे अनुमान कोठे चालते आणि कोठे फसते, हे या दोन चौकटी एकाच तासात शिकवतात.

हे आकडे मिळवण्याच्या कष्टांतही फरक आहे. टेक्नेशियम वापरलेल्या अणुइंधनातून किलोंच्या मापात मिळू शकते. प्रोमेथियमचे पाण्यातील संयुग कसे बांधलेले असते, याचे तपशीलवार मापन ओक रिजच्या शास्त्रज्ञांनी २०२४ साली प्रसिद्ध केले. शोधानंतर जवळपास ८० वर्षांनी!

शेवटचा आक्षेप उपयोगाचा. तक्त्यावर या चौकटींत धोक्याचे चिन्ह आहे, आणि तेवढेच आहे. घरातील कोणाची हाडांची तपासणी करायची असेल, तर रुग्णाला टोचल्या जाणाऱ्या औषधात बहुधा टेक्नेशियम-९९एम असते. त्याचे अर्धायुष्य ६ तास. २४ तासांत सोळावा भाग उरतो, आणि काही भाग लघवीवाटे त्याआधीच बाहेर पडतो. मुंबईत परळ येथे १९६३ साली रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झाले. वाशीचे विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळ, म्हणजेच ब्रिट, या द्रव्याची साधने रुग्णालयांना पुरवत आले आहे. मुंबईहून निघालेले टेक्नेशियम-९९एम १२ तासांनी विदर्भात पोहोचेपर्यंत चतुर्थांश राहील. म्हणून त्याऐवजी ६६ तास अर्धायुष्य असलेले मॉलिब्डेनम-९९ पाठवतात. तेवढ्याच वेळात त्याचे शंभरातील ८८ भाग शिल्लक असतात. त्यातून सतत टेक्नेशियम बनत राहते आणि रुग्णालयात ते मिठाच्या पाण्याने धुऊन काढतात. या उपकरणाला तंत्रज्ञ ‘गाय’ म्हणतात आणि या कृतीला ‘दूध काढणे’. प्रोमेथियमचा उपयोग निराळा: घड्याळाच्या तबकडीवरील चकाकता रंग व लहान अणुविजेऱ्या.

घरातील रुग्णाला ‘किरणोत्सारी सुई’ दिली म्हणून धास्तावलेला विद्यार्थी वर्गात बसलेला असू शकतो. त्याच्यासमोर फक्त धोक्याचे चिन्ह टांगणे म्हणजे अर्धे सत्य सांगणे होय.

तक्ता फेकून द्यावा असे आम्ही म्हणत नाही. दोन चौकटींशेजारी कागदाच्या दोन चिठ्ठ्या चिकटवाव्यात. त्यांवर समस्थानिक, अर्धायुष्य, कोठे सापडते आणि काय उपयोग, एवढे चार शब्द असावेत. त्या चिठ्ठ्या विद्यार्थ्यांनीच लिहाव्यात. लोणारजवळच्या त्या मुलीला आम्ही पुढच्या भेटीत फळ्यावर दोन याद्या लिहून दिल्या. ९४ ते १०२ हे आकडे तिने स्वतःच खोडले आणि मग म्हणाली, “जागाच नाही राहिली.” यापेक्षा चांगले उत्तर आम्हाला तरी देता आले नसते.