‘देवराई’नंतरचा वर्ग

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ (२००४) या चित्रपटाने स्किझोफ्रेनियाग्रस्त शेषकडे माणूस म्हणून पाहावयास लावले, हे त्याचे श्रेय निर्विवाद होय. बहीण सीना हिची ओढाताणही त्यात भाबडेपणा टाळून आली आहे. तथापि शेष प्रौढ आहे. आम्हां शिक्षकांचा संबंध येतो तो औषधे सुरू होऊन शाळेत परतलेल्या मुलाशी, आणि तेथे आमचे साहित्य मूकच आहे असे वाटते.

या मुलाचे भास शमलेले असतात. पण पहिल्या तासाला डोळ्यांवर झापड येते, वाचलेली ओळ मनात ठरत नाही. औषधामुळे येणारा कंप व ताठरपणा घालविण्यासाठी देण्यात येणारी ट्रायहेक्सिफेनिडिलची गोळीदेखील स्मरणाला बाधक ठरू शकते. आमच्या बऱ्हाणपुरात तर घरी मराठी, शाळेत हिंदी. त्यामुळे शब्द न सापडणे हे भाषेच्या कच्चेपणावर सहज ढकलता येते. (प्रगतिपुस्तकातील शेरे हाही एक वाङ्मयप्रकारच, आणि त्याची शब्दसंपत्ती ‘आळशी’, ‘लक्ष नाही’ एवढीच!) दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात मानसिक आजाराचा समावेश झाला, शेऱ्यांत मात्र तो अजून झालेला नाही.

गोळी परस्पर बंद करणे घातकच. मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. पण कोणत्या तासाला मूल पेंगते, हे त्यांना कळवावयाचे कोणी?

अशा मुलाची मराठी कथा आमच्या वाचनात नाही. ती लिहिणाऱ्याने रुग्णालय सोडून दुसऱ्या बाकापासून आरंभ करावा. मुलाला प्रश्न कळलेला असतो, उत्तरही येत असते; ते ओठांवर येईतो गुरुजी पुढच्या मुलाकडे वळलेले असतात.