मुखपृष्ठापलीकडची पेढी : नवी मुंबईतील व्यापाराच्या आंतरजालीय अस्तित्वाची चिकित्सा

प्रस्तावना

व्यवसायाचे संकेतस्थळ तयार झाले म्हणजे तो व्यवसाय आंतरजालावर आला, ही समजूत वाणिज्य शाखेच्या अध्यापनात व विद्यार्थ्यांच्या प्रकल्प-अहवालांत आजही आढळते. अशा अहवालांत मुखपृष्ठाची मांडणी, रंगसंगती व बोधचिन्ह यांचीच चर्चा प्रामुख्याने होते. ही दृष्टी अपुरी आहे. तिला पर्याय म्हणून दिला जाणारा ‘सर्वत्र दिसा’ हा सल्लाही तितकाच अपुरा आहे. नवी मुंबईच्या संदर्भात या दोन्ही भूमिकांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मुखपृष्ठाची मर्यादा

मुंबईतील घाऊक बाजार १९८० व १९९० च्या दशकांत टप्प्याटप्प्याने नवी मुंबईत आले. कांदा-बटाटा, मसाला, धान्य, फळे व भाजीपाला असे कृषी उत्पन्न बाजार समितीचे पाच बाजार आज तेथे आहेत. मसाला बाजारातील एखाद्या पेढीचे उदाहरण घेतले, तर परगावचा नवा खरेदीदार शोधयंत्रात त्या पेढीचे नाव लिहीत नाही, कारण ते त्याला ठाऊकच नसते. तो ‘हळद’, ‘घाऊक’, ‘वाशी’ असे शब्द लिहितो. त्यातून तो मुखपृष्ठावर नव्हे, तर त्या मालाची माहिती देणाऱ्या आतील पानावर किंवा नकाशावरील नोंदीवर पोहोचतो. मालाची प्रत, किमान खरेदी, पॅकिंग, वाहतुकीची सोय व गाळा क्रमांक ही माहिती तेथे नसेल, तर मुखपृष्ठावरील ‘आमचे ध्येय’ हा परिच्छेद निरुपयोगी ठरतो. दुकानाची पाटी रंगविली, परंतु आत माल मांडला नाही, असा हा प्रकार होय.

पत्ता आणि ओळख

१७ मार्च १९७० रोजी स्थापन झालेल्या सिडकोने वसविलेल्या या शहरात पत्ता सेक्टर व भूखंड क्रमांकाने सांगितला जातो. तथापि लोकव्यवहारातील नावे वेगळी आहेत. बाजार समितीचे आवार तुर्भे परिसरात असले, तरी सर्वतोमुखी ते ‘वाशी मार्केट’च आहे. ‘कोपरखैरणे’ हे नाव रोमन लिपीत कधी जोडून, कधी तोडून लिहिले जाते. परिणामी एकच पेढी एका ठिकाणी वाशीत, दुसऱ्या ठिकाणी तुर्भ्यात व तिसऱ्या ठिकाणी जुन्या दूरध्वनी क्रमांकासह नोंदलेली असते. अशा वेळी शोधयंत्राला त्या दोन पेढ्या वाटू शकतात आणि खरेदीदाराच्या मनात संशय निर्माण होतो.

हा केवळ नीटनेटकेपणाचा प्रश्न नाही. नकाशावरील बँकेच्या नोंदीत दूरध्वनी क्रमांक बदलून ग्राहकांची फसवणूक झाल्याच्या तक्रारी २०१८ मध्ये महाराष्ट्रात पोलिसांकडे आल्या होत्या. ज्या नोंदीकडे मालक पाहत नाही, तिचा ताबा दुसरा कोणी घेऊ शकतो, हे यातून स्पष्ट होते.

परक्या जागेवरील पेढी

‘सर्वत्र दिसा’ या सल्ल्यातील खरा दोष मात्र वेगळाच आहे. सिडकोने भूखंड सामान्यतः ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले. त्यामुळे मालकी व भाडेपट्टा यांतील भेद नवी मुंबईच्या व्यापाऱ्याला शिकवावा लागत नाही. तोच व्यापारी आंतरजालावर मात्र कोणत्याही मुदतीच्या हमीविना परक्या जागेवर पेढी थाटतो. गूगल प्लस हे माध्यम सर्वसामान्यांसाठी एप्रिल २०१९ मध्ये बंद झाले. २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर भारतात बंदी आली. गूगलच्या व्यवसाय-नोंदीतून मोफत तयार होणारी संकेतस्थळे मार्च २०२४ मध्ये बंद करण्यात आली. ज्यांची सर्व माहिती केवळ तेथेच होती, त्यांना जागा नव्याने शोधावी लागली.

ग्राहकांच्या अभिप्रायांचेही असेच आहे. बनावट अभिप्रायांना आळा घालण्यासाठी भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘आयएस १९०००:२०२२’ हे मानक आणले. परंतु ते ऐच्छिक स्वरूपात. म्हणजेच पेढीची पत ज्या अभिप्रायांवर ठरते, त्यांवर पेढीचे नियंत्रण अत्यल्प असते.

छोट्या व्यापाऱ्याला हा सर्व व्याप परवडणारा नाही, असा आक्षेप घेता येईल. तो काही अंशी रास्त आहे. सेक्टरमधील किराणा दुकानदाराला नकाशावरील अचूक नोंद आणि २०१८ मध्ये आलेले व्हॉट्सअॅप बिझनेस एवढे पुरेसे ठरू शकते. परंतु परगावच्या अनोळखी खरेदीदारावर ज्याचा व्यापार अवलंबून आहे, त्याला ही पळवाट उपलब्ध नाही.

समारोप

मुखपृष्ठाच्या पलीकडे जाणे आवश्यक आहे. मात्र स्वतःचे घर मोडून नव्हे. नाव, पत्ता, दूरध्वनी व मालाची तपशीलवार माहिती यांची मूळ नोंद स्वतःच्या संकेतस्थळाच्या आतील पानांवर असावी. नकाशा, जस्टडायल, इंडियामार्ट व समाजमाध्यमे येथील नोंदी तिच्याशी तंतोतंत जुळणाऱ्या असाव्यात आणि ठरावीक काळाने तपासल्या जाव्यात. वाणिज्य शाखेच्या प्रकल्पांतही ‘मुखपृष्ठ कसे दिसते’ या प्रश्नाऐवजी ‘अनोळखी खरेदीदार प्रथम कोठे पोहोचतो आणि तेथे त्याला काय सापडते’ हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. विद्यार्थ्याने बाजारात जाऊन एका गाळ्याच्या सर्व आंतरजालीय नोंदी प्रत्यक्ष पत्त्याशी ताडून पाहिल्या, तर तो अभ्यास त्याच्याइतकाच त्या व्यापाऱ्यालाही उपयोगी पडेल.