दोन पडद्यांचा प्रेक्षक

प्रेक्षकानें बोलूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. बालगंधर्वांच्या पदाला 'वन्समोअर' मागणारा रसिक चांगला मोठ्यानें बोलत असे. परंतु त्याचा आवाज त्याच नाट्यगृहांत नटाच्या कानीं पडे, आणि त्यास मान द्यावयाचा कीं नाहीं तें नटाच्या हातीं राही. आजचा प्रेक्षक टीव्हीसमोर बसतो आणि समोर जें चाललें आहे त्यावरील आपलें मत हातांतील मोबाईलवर लिहून परक्यांस धाडतो. या नव्या रसिकतेचें परीक्षण करण्यास २०१८ च्या जुलैंतील एक आठवडा पुरेसा आहे.

२२ जुलैस 'बिग बॉस मराठी'चें पहिलें पर्व संपलें व मेघा धाडे विजयी झाल्या. या खेळांत घरांत कोणीं राहावें हें प्रेक्षकांच्या मतांवर ठरतें. म्हणजे दुसरा पडदा येथें आगंतुक नव्हे, तो संहितेचाच भाग आहे. खेळ म्हणून त्यांत आम्हांस फारसें वावगें दिसत नाहीं. किंबहुना एका बंद घराकडे तीन महिने पाहत राहण्याचा कंटाळा त्या मतमतांतरांमुळेंच सुसह्य होत असावा!

त्यानंतर सहाव्या दिवशीं पोलादपूर-महाबळेश्वर रस्त्यावरील आंबेनळी घाटांत दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठांतील कर्मचाऱ्यांची बस दरींत कोसळली. ३० जण मृत्यु पावले; एक वांचला. वृत्तवाहिन्या ती दरी दाखवूं लागल्या. घरोघर पडदे तेच दोन होते, आणि संवयही तीच होती. परंतु खेळाचें संकलन होतें, दुर्घटनेचें होत नाहीं. दोर, धुकें, खोळंबलेल्या गाड्या, पुन्हां तेच दोर. तासन् तास नवें कांहींच कळत नाहीं. ही रिकामी वेळ सोसणें हेंच त्या पाहण्यांतील खरें काम होतें. तें सोडून प्रेक्षक खालच्या पडद्याकडे वळला आणि चूक कोणाची, याचा निकाल लिहूं लागला. येथें त्याच्या मतानें ठरण्यासारखें कांहींही नव्हतें.

दरींतून वर चढून आलेल्या त्या एकट्या गृहस्थानें अपघाताची बातमी विद्यापीठास दूरध्वनीवरूनच कळविली होती. दापोलींतील ज्या घरांतून माणसें सहलीस गेलीं, तेथेंही हेच दोन पडदे होते. त्या घरांना मोबाईलवर एका नांवाविषयीं एकच ओळ हवी होती. आणि तिची वाट पाहत असतां त्याच पडद्यावर परक्यांचीं मतें येऊन पडत होतीं.