जिद्दीच्या गोष्टीत रस्ता कुठे असतो?

कबीर खान यांचा 'चंदू चॅम्पियन' १४ जून २०२४ रोजी प्रदर्शित झाला. त्याआधी काही आठवडे आपल्या फोनवर जे फोटो फिरत होते, ते मुरलीकांत पेटकरांचे नव्हते. ते कार्तिक आर्यनचे होते. शरीरातली चरबी ३९ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर कशी आणली, गोड खाणं कसं सोडलं, बॉक्सिंग कसं शिकला, पोहायला कसा शिकला, हे सगळं आपल्याला पाठ झालं. सरावाची गोष्ट आपल्यापर्यंत पोहोचली खरी, पण ती नटाची. ज्या माणसावर चित्रपट होता, तो कंबरेखाली लुळा पडल्यावर रोज सकाळी नेमकं काय करत होता, हे आपल्याला फारसं कळलं नाही.

यात कार्तिक आर्यनचा दोष नाही. त्याने मेहनत घेतली आणि कामही मनापासून केलं. प्रश्न आपल्या गोष्टी सांगण्याच्या सवयीचा आहे. व्हीलचेअरवरच्या खेळाडूची गोष्ट म्हटलं की आपल्याकडे दोन प्रसंग ठरलेले असतात. एक अपघाताचा, दुसरा पदकाचा. मधली वर्षं दोन मिनिटांत उरकतात. तो मधला काळ गाळला की त्याच्यासोबत खुर्ची, रस्ता, पैसा आणि सोबतची माणसंही गळतात. मग उरते फक्त 'जिद्द'.

पेटकर आणि पडदा

पेटकर सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. सैन्यात ईएमईमध्ये होते, बॉक्सिंग करायचे. १९६५च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि त्यातली एक कण्यात कायमची राहिली. मुंबईच्या 'अश्विनी' या नौदलाच्या रुग्णालयात उपचार चालू असताना पोहणं सुरू झालं, तेही व्यायामोपचार म्हणून. १९६८ साली तेल अवीवच्या पॅरालिम्पिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले. १९७२ साली हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल त्यांनी ३७.३३ सेकंदांत पोहून विश्वविक्रमासह सुवर्ण जिंकलं. पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्णपदक. पद्मश्री मिळायला मात्र २०१८ उजाडलं.

चित्रपट सुरू होतो सांगलीच्या पोलीस ठाण्यात. म्हातारा मुरलीकांत अर्जुन पुरस्कार मिळाला नाही म्हणून थेट राष्ट्रपतींविरुद्ध तक्रार द्यायला आलेला आहे. कल्पना छान आहे. म्हणजे ही गोष्ट एका तक्रारीच्या रूपात सांगितली जाणार, असं वाटतं. पण पुढे आपण लहानपणात शिरतो, खाशाबा जाधव हेलसिंकीहून १९५२चं कांस्यपदक घेऊन परततात, गाव नाचतं, आणि तक्रार मागे पडते. ऑलिम्पिकचं वेड डोक्यात शिरलेल्या एका पोराची गोष्ट तेवढी पुढे जाते.

या गोष्टीत सर्वांत जास्त वेळ घेऊन, प्रेमाने दाखवलेला सराव बॉक्सिंगचा आहे. विजय राज यांचा टायगर अली पोराला पळवतो, ठोसे मारायला लावतो, शिव्या देतो. तिथे शरीर कसं घडतं ते दिसतं. गोळ्या लागल्यानंतरचा सराव त्या मानाने भराभर सरकतो. चालणारं शरीर घडताना बघायला चित्रपटाला वेळ आहे. लुळं शरीर घडताना तो घाईत असतो. माझ्या मते हाच या चित्रपटाचा मोठा दोष आहे, आणि तो एकट्या कबीर खान यांचा नाही.

एक तपशील बघा. हायडेलबर्गला पेटकर फक्त पोहले नाहीत. भालाफेकीत आणि स्लॅलममध्येही ते उतरले होते. स्लॅलम म्हणजे अडथळे मांडलेल्या मार्गावरून व्हीलचेअर वळवत, चढवत, उतरवत वेळेत पार करण्याची शर्यत. खुर्ची हेच ज्यात खेळाचं साधन आहे, असा हा प्रकार. तरीही पेटकर म्हटलं की आपल्याला फक्त पाणी आठवतं. पाण्यात खुर्ची दिसत नाही. पडद्याला ते सोयीचं असावं.

पालीहून भाईंदरला

पोहायला तलाव लागतो. टेबल टेनिसला एक खोली पुरते. व्हीलचेअरवरून मॅरेथॉन करायची तर गावाचा रस्ताच लागतो, तोही रोज. म्हणून जिद्दीच्या गोष्टीची खरी परीक्षा मॅरेथॉनच्या तयारीत होते. ही परीक्षा घ्यायला हायडेलबर्गला जायला नको, मीरा-भाईंदरमधलं पाली पुरे आहे.

पाली म्हणजे उत्तनच्या शेजारचं, समुद्राला टेकलेलं मच्छीमारांचं गाव. अरुंद गल्ल्या, ओट्याच्या पायऱ्या चढून जायची घरं, बांबूंवर सुकत घातलेले बोंबील, किनाऱ्याला लागलेल्या होड्या. इथून डोंगरी, मोर्वा, राई, मुर्धे करत भाईंदर स्टेशनला जायचं तर आठ-दहा किलोमीटर होतात. दोनदा जाऊन-येऊन केलं की अंतर मॅरेथॉनच्या आसपास पोहोचतं. सुट्टीच्या दिवशी उत्तन-गोराईच्या बाजूला सायकलवाले येतात, फोटो काढतात, तेव्हा रस्ता वाईट आहे असं कोणी म्हणणार नाही.

आता याच रस्त्यावर शर्यतीची व्हीलचेअर आणून बघा. ही खुर्ची दवाखान्यातल्या खुर्चीसारखी नसते. तिला तीन चाकं असतात. मागची दोन मोठी, वरून आत झुकलेली, आणि पुढे लांब दांड्याच्या टोकाला एक लहान. खेळाडू बहुधा गुडघे दुमडून, छाती जवळजवळ मांड्यांना टेकवून बसतो आणि कडक हातमोज्यांनी चाकाच्या बाजूच्या कडीला ठोसा दिल्यासारखा धक्का मारतो. खुर्चीचं वजन दहा किलोच्या आसपास, किंमत मात्र लाखांत.

ती जमिनीलगत असते. टेम्पोच्या उंच केबिनमधून ती सहज दिसत नाही. पहाटे ऊन नसतं म्हणून पहाटे निघावं, तर मासळीच्या गाड्यांचीही तीच वेळ. गतिरोधक आला की वेग जवळजवळ संपतो. रस्त्यावर वाळू किंवा मासळीचं पाणी असेल तर ओल्या कडीवरून हातमोजा घसरतो. पेव्हर ब्लॉकचा प्रत्येक सांधा मनगटात जाणवतो. पावसाळ्याचे चार महिने बाहेरचा सराव बेभरवशाचा, म्हणजे घरात रोलर हवा. पण ज्या घरात शिरायलाच तीन पायऱ्या आहेत, तिथे खुर्ची आणि रोलर ठेवणार कुठे?

यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर 'जिद्द' हे नाही. उत्तरं साधी आणि कंटाळवाणी आहेत: सपाट डांबर, उतरंड, साठवणीची जागा, पहाटे तासभर वाहनं हळू चालवण्याची सोय. ती कंटाळवाणी असल्यामुळेच गोष्टीत येत नाहीत. गोष्टीत येत नाहीत म्हणून ती मागायची असतात हे आपल्याला सुचत नाही.

खांदा, कातडी, घाम

रस्ता मिळाला तरी सराव म्हणजे काय हा प्रश्न उरतोच. इथे तर कथाकाराला भरपूर ऐवज आहे.

पायांनी धावणाऱ्याचा गुडघा दुखावला तर तो आठवडाभर विश्रांती घेतो. मणक्याला दुखापत झालेल्या खेळाडूचा खांदा दुखावला तर त्याचं पलंगावरून खुर्चीत येणं अडतं, शौचालयात जाणं अडतं. ज्या खांद्यांनी तो शर्यत करतो, त्याच खांद्यांवर त्याचं रोजचं स्वातंत्र्य उभं असतं. म्हणून किती सराव करायचा, यापेक्षा कुठे थांबायचं हे ठरवणं त्याला जास्त अवघड. आपल्या आवडत्या 'शेवटपर्यंत हार मानू नका' या सल्ल्याने इथे नुकसान होऊ शकतं.

तेच कातडीचं. संवेदना नसलेल्या भागावर तासन्‌तास दाब पडला तर जखम होते आणि ती कळत नाही. कळते तेव्हा अनेक आठवडे अंथरुणात काढावे लागतात. तेच घामाचं. कण्याच्या दुखापतीखालच्या भागाला अनेकदा घाम येत नाही, त्यामुळे शरीर नीट थंड होत नाही. मुंबईच्या दमट हवेत ही गोष्ट किती महत्त्वाची आहे ते सांगायला नको. पाणी किती प्यायचं हा हिशोबही सरळ नाही, कारण लघवीची सोय रस्त्यात कुठे आहे हे आधी बघावं लागतं.

रोजच्या निर्णयांचा हा सगळा मामला आहे. त्यात ताण आहे, धोका आहे, अक्कलहुशारी आहे. बॉक्सिंगच्या सरावाला दिला तेवढा वेळ कोणी याला दिला, तर प्रेक्षक खुर्चीला चिकटून बसतील. पण त्यासाठी खेळाडूकडे जाणकार म्हणून बघावं लागेल, चमत्कार म्हणून नव्हे.

बोस्टनची अट, ओइताची शर्यत

जगात हे कसं घडलं, तेही बघण्यासारखं आहे. १९७५ साली बॉब हॉल या अमेरिकन तरुणाने बोस्टन मॅरेथॉनमध्ये व्हीलचेअरवरून उतरायची परवानगी मागितली. आयोजकांनी अट घातली: तीन तासांच्या आत पूर्ण केलीस तर शर्यत पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र देऊ. त्याने २ तास ५८ मिनिटांत ती पूर्ण केली. या प्रसंगात मला वेळेपेक्षा अट महत्त्वाची वाटते. तिच्यात कौतुक नाही, दया नाही. इतर धावपटूंना असतं तसं घड्याळ आहे.

जपानमध्ये डॉ. युताका नाकामुरा इंग्लंडच्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात लुडविग गुटमन यांच्याकडे शिकून आले आणि त्यांच्या पुढाकाराने १९८१ साली ओइता शहरात व्हीलचेअर मॅरेथॉन सुरू झाली. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिथेच स्वित्झर्लंडच्या मार्सेल हुगने १ तास १७ मिनिटं ४७ सेकंदांचा विश्वविक्रम केला. म्हणजे ताशी सरासरी ३२ किलोमीटरहून जास्त वेग. तो स्वित्झर्लंडचा, पण विक्रम ओइताच्या रस्त्यावर झाला. दरवर्षी शर्यत भरवून त्या शहराने खेळाडूंना रस्ता दिला होता.

आपल्याकडे मुंबई मॅरेथॉन २००४ पासून होते आणि तिच्यात अपंग खेळाडूंसाठी वेगळी दौड असते. ती ४२ किलोमीटरांची नाही, काही मोजक्या किलोमीटरांत संपते. ती असू नये असं नाही. अनेकांसाठी तो घराबाहेर पडण्याचा मोठा दिवस असतो. पण दुसऱ्या दिवशी छापून येणाऱ्या फोटोखालच्या ओळी वाचा. वेळ किती लागली, पहिला कोण आला, हे क्वचित असतं. 'उत्साह' आणि 'प्रेरणा' हे शब्द मात्र असतातच. जिथे घड्याळ नाही तिथे खेळाडू नाही, फक्त पाहुणा आहे.

ऑस्ट्रेलियन पत्रकार स्टेला यंग स्वतः व्हीलचेअर वापरत. अशा मजकुराला २०१२ साली त्यांनी 'इन्स्पिरेशन पॉर्न' म्हटलं. एकाच्या शरीराकडे बघून दुसऱ्याने स्वतःबद्दल बरं वाटून घ्यायचं, असा हा व्यवहार. आपल्याकडे 'अपंग'च्या जागी 'दिव्यांग' आलं, तेव्हा हा व्यवहार भाषेतच शिरला. अंग दिव्य ठरलं की त्याला उतरंडीची गरज कशाला?

वस्तूचं नाव

मराठीत याला तोड देणारं एक पुस्तक आहे. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं आत्मकथन 'चाकाची खुर्ची'. कॉलेजच्या वयात त्यांच्या कमरेखालच्या शरीराची शक्ती गेली. पुढे त्यांनी नोकरी केली, 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभारली, 'घरौंदा' हे वसतिगृह उभं केलं. ही खेळाची गोष्ट नाही, तरी इथे ती मला मोलाची वाटते, ती शीर्षकापासूनच. झेप, भरारी, झुंज असले शब्द सोडून पुस्तकाला एका वस्तूचं नाव दिलं आहे. वस्तू बनवावी लागते, विकत घ्यावी लागते, दुरुस्त करावी लागते, आणि ती दारातून आत जावी लागते. खुर्ची म्हटलं की दार आलं. दार म्हटलं की ते बांधणारा आला.

'चंदू चॅम्पियन'ने पेटकरांचं नाव एका नव्या पिढीच्या तोंडी आणलं, ही मोठी गोष्ट आहे. पण हे शीर्षक चिडवण्याला दिलेलं उत्तर आहे, म्हणजे पुन्हा एकाच माणसाच्या स्वाभिमानाचा मामला. पेटकरांना क्रिकेटपटू विजय मर्चंट यांनी मदत केली होती. नौदलाचा तलाव होता, सैन्य होतं. हे सगळं जमेला धरलं तर त्यांचं मोठेपण तसूभरही कमी होत नाही. उलट आज पालीतल्या एखाद्या मुलीला तसंच काही करायचं असेल तर काय काय लागेल, त्याची यादी हातात येते.

२०१६च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात खेळांसाठी स्वतंत्र कलम आहे. म्हणजे ही यादी घेऊन सरकारकडे आणि महापालिकेकडे जाता येतं. जिद्द घेऊन मात्र फक्त सत्कार समारंभाला जाता येतं.

तुमच्या फोनवर अशी एखादी क्लिप पुन्हा येईल. मागे संगीत असेल, खाली टाळ्या वाजवणारे हात असतील. पुढे पाठवण्याआधी तिला तीन प्रश्न विचारा: खुर्ची कोणती आहे, सराव कुठे होतो, पैसे कोण देतं? क्लिपमध्ये उत्तरं नसतील तर तिने खेळाडू दाखवलेलाच नाही. आणि उत्तरं असतील तर जरूर पाठवा, फक्त आपल्या प्रभागाच्या नगरसेवकालाही पाठवा.