निद्रिस्त साक्षीदार
('कोर्ट' या मराठी चित्रपटाच्या निमित्ताने)

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या शेवटी एक छोटा प्रसंग येतो. कबर रिकामी झाल्याची वार्ता घेऊन पहारेकरी नगरात आले, तेव्हा मुख्य याजकांनी त्यांच्या हाती पैसे ठेवले व आपण झोपेत असता शिष्यांनी देह चोरून नेला, असे सांगावयास पढविले. त्यावर संत अगस्तीन यांनी मार्मिक आक्षेप घेतला होता : झोपलेला मनुष्य साक्षीदार कसा होईल? चैतन्य ताम्हाणे यांचा, राष्ट्रीय पुरस्कार लाभलेला व २०१५ साली प्रदर्शित झालेला 'कोर्ट' नुकताच पुन्हा पाहिला, आणि हाच प्रश्न मनात घोळत राहिला.

कथानक साधे आहे. वयोवृद्ध लोकशाहीर नारायण कांबळे यांचे गाणे ऐकून एका सफाई कामगाराने गटारात उतरून आत्महत्या केली, असा पोलिसांचा आरोप. विदर्भाचे कार्यकर्ते-संपादक वीरा साथीदार यांनी ही भूमिका अत्यंत संयमाने केली आहे. सरकारपक्षाचा साक्षीदार पूर्वीही पोलिसांच्या अन्य खटल्यांत उभा राहिलेला आहे. तुरुंगातील मित्राने आपल्या आजारी आईकडे लक्ष द्यावे म्हणून लिहिलेल्या पत्रात पोलिसांना सांकेतिक मजकूर दिसतो. मग मृताची विधवा सांगते की, नवरा आधी गटारात दगड टाकी; झुरळे बाहेर आली तर आत हवा आहे असे समजून उतरे. राज्याच्या सुरक्षेसाठी पत्रातील अक्षर न् अक्षर तपासले जाते. कामगाराची सुरक्षा मात्र झुरळांवर सोपविलेली!

चित्रपटाचे सामर्थ्य हे की, त्यात खलनायक नाही. सरकारी वकीलबाई घरी जाऊन स्वयंपाक करतात. न्यायाधीश सभ्य आहेत. पण बिनबाह्यांचा पोशाख केला म्हणून मर्सी फर्नांडिस नावाच्या स्त्रीचे प्रकरण ते पुढे ढकलतात. असत्य कोणी एक माणूस बोलत नाही. ते एका फाईलीतून दुसऱ्या फाईलीत सरकत राहते. कांबळे जामिनावर सुटतात, तोच बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली त्यांना पुन्हा अटक होते.

एक उणीव मात्र जाणवते. ज्या वस्तीने कांबळ्यांच्या गाण्यावर टाळ्या वाजविल्या, तिच्या मनातील विश्वासाचे काय झाले, हे दिग्दर्शक दाखवीत नाही. ती विधवा तेवढी खूप काही सांगून जाते : बचावपक्षाचे वकील पैसे देऊ करतात, ते नाकारून ती काम मागते. न्यायालयाकडून तिला कसलीच अपेक्षा उरलेली नाही.

ही केवळ पडद्यावरची गोष्ट नव्हे. ११ नोव्हेंबर २००६ रोजी मुंबईत रामनारायण गुप्ता चकमकीत ठार झाल्याचे पोलिसांनी जाहीर केले. ती चकमक बनावट होती, असा निर्वाळा सत्र न्यायालयाने २०१३ मध्ये व उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये दिला. ऑक्टोबर २०२० मध्ये अटक झालेले येशूसंघीय फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ रोजी, खटला उभा राहण्यापूर्वीच, वयाच्या ८४ व्या वर्षी कोठडीत असतानाच मुंबईच्या रुग्णालयात निवर्तले. त्यांच्या संगणकात मजकूर बाहेरून घुसविला गेला, असा अहवाल एका अमेरिकन तज्ज्ञसंस्थेने २०२२ मध्ये दिला. तपासयंत्रणेने या संस्थेचे निष्कर्ष मान्य केलेले नाहीत. पण त्या संगणकाची परीक्षा न्यायासनासमोर होण्यापूर्वीच आरोपी गेला.

अशा घटनांची किंमत कोण मोजतो? १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवाम्यात आपल्या बुलढाणा जिल्ह्याचे दोन जवान हुतात्मा झाले. एक मलकापूरचे, दुसरे लोणार तालुक्यातील. गणवेशावरील लोकांची श्रद्धा अशा माणसांनी प्राण देऊन कमावलेली असते. बनावट चकमक रचणारा तीच श्रद्धा उधळतो. मग खरी चकमक झाली, तरी एसटीच्या थांब्यावरचा माणूस ऐकून नुसता हसतो. तो शासनाचा शत्रू नसतो. तो फसविला गेलेला असतो.

चित्रपटाच्या शेवटी सुट्टीवर गेलेले न्यायाधीश बाकावर डुलक्या घेत असतात. मुले ओरडून त्यांना जागे करतात, आणि एकाला चपराक बसते. आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांनी हा चित्रपट मुलांसह बसून पाहावा, आणि ती चपराक त्या मुलालाच का बसली, याची घरी चर्चा करावी.