खोक्यावरचे वाङ्मय

संगणकाच्या मेमरीचे खोके हा माझ्या मते एक दुर्लक्षित वाङ्मयप्रकार आहे. डीडीआर ५ च्या खोक्यावर ठसठशीत '६०००' छापलेले असते. आतली पट्टी बसवून यंत्र सुरू करा, ती बहुधा ४८०० नेच चालू लागते! खोटे म्हणाल, तर तसेही नाही. वधूवर-सूचक मंडळाच्या कार्डावर 'गायनाची आवड' असे लिहिलेले असते ना, त्यातलाच प्रकार. आग्रह केल्याशिवाय गाणे नाही. इथे आग्रह म्हणजे बायॉसमध्ये शिरून एक्सएमपी किंवा एक्स्पो नावाची सोय चालू करायची. त्यावर बहुतेक प्रोसेसरवाले म्हणणार, "एवढ्या वेगाची हमी काही आम्ही दिलेली नाही हं!"

हेही चालले असतं. पण ज्याला बायॉस हे खोकल्याच्या औषधाचं नाव वाटतं, तो बिचारा ६००० च्या वेगाचे पैसे मोजतो आणि वर्षानुवर्षे ४८०० वर समाधानी राहतो. म्हणून समीक्षक या नात्याने माझी एकच सूचना: त्या आकड्याशेजारी, त्याच टायपात, चार शब्द छापा. 'स्वतः चालू करावे लागेल.' कलाकृती जरा वास्तववादी होईल.